ताठरतेसाठी शॉकवेव्ह: इंदुरात कोर्सचे पैसे भरण्याआधी आणि भरल्यावर

सर्वांत आधी एक भीती काढून टाकू. शॉकवेव्ह उपचारात विजेचा झटका देत नाहीत. नावामुळे तसा समज होतो आणि माणूस दोनपैकी एका टोकाला जातो. एक तर घाबरून विषयच सोडतो, नाहीतर 'मशीनचं आहे म्हणजे पक्कं असणार' असं धरून पहिल्याच भेटीत पूर्ण कोर्सचे पैसे भरून येतो. इंदूरच्या दवा बाजारात औषधांच्या धंद्यात असल्यामुळे मला दोन्ही प्रकारची मंडळी भेटतात. कोणी सुदामानगरातलं, कोणी राजेंद्रनगरातलं, कोणी देवासहून किंवा महूहून आलेलं. आपला मराठी माणूस हे मराठीत विचारतो तेव्हा आवाज आणखी खाली उतरतो, कारण शेजारी उभा असलेला कोणाचा तरी आतेभाऊ निघण्याची शक्यता या शहरात बरीच असते. म्हणून सगळं क्रमाने लिहून काढतो आहे. मी डॉक्टर नाही. डोस आणि निदान तुमच्या डॉक्टरांचं.

उपचार काय आहे ते आधी. ध्वनिलहरींचे छोटे, तीव्र ठोके त्वचेवरून आत पाठवतात. मूतखडा चिरफाड न करता बाहेरून फोडतात, त्याच कुळातलं हे तंत्र. म्युनिकमध्ये फेब्रुवारी १९८० मध्ये पहिल्या रुग्णाचा खडा असा फोडला गेला. ताठरतेसाठी वापरतात ती ऊर्जा त्या मानाने फारच कमी असते, कारण इथे फोडायचं काही नसतं, ऊतींना फक्त डिवचायचं असतं. डिवचलेल्या पेशी नव्या रक्तवाहिन्यांना चालना देणारी रसायनं सोडतात आणि रक्तवाहिनीचं आतलं अस्तर नायट्रिक ऑक्साइड जास्त बनवू लागतं, असा यामागचा विचार. प्राण्यांवरच्या प्रयोगांत हे दिसलं आहे. माणसात ते किती घडतं आणि किती टिकतं, यावर युरोलॉजिस्टांमध्ये, म्हणजे मूत्रमार्ग आणि पुरुष जननेंद्रियांच्या तज्ज्ञांमध्ये, अजून एकमत नाही.

नायट्रिक ऑक्साइड हे नाव लक्षात ठेवा, पुढे पुन्हा लागेल. उत्तेजना आली की लिंगातल्या नसांच्या टोकांतून आणि रक्तवाहिन्यांच्या अस्तरातून ते सुटतं, स्नायू सैल पडतात, रक्त आत धावतं आणि बाहेर जाणाऱ्या शिरा दाबल्या जाऊन ते आतच राहतं. यातलं काहीही बिघडलं तरी तक्रार एकच असते, उपाय मात्र वेगळे असतात. सगळी गडबड इथेच होते.

आधी ठरवा, त्रास नेमका कोणता

दमलेल्या दिवशी किंवा घरात भांडण झालेल्या रात्री न जमणं हा आजार नव्हे. तीन महिने किंवा त्याहून जास्त काळ, बहुतेक वेळा ताठरता येत नसेल किंवा टिकत नसेल तर पुढचं वाचा. शीघ्रपतन ही वेगळी तक्रार आहे, इच्छाच न होणं वेगळी आणि लिंग वाकडं होऊन दुखणं आणखी वेगळी. शॉकवेव्हच्या जाहिरातीत हे सगळं एकाच दमात मोजलं असेल तर ते दुकान सोडा. वाकडेपणाच्या आजारात शॉकवेव्हने दुखणं कमी होऊ शकतं, वाकडेपणा सरळ होत नाही.

एक सोपी खूण अशी. पहाटे जाग येताना ताठरता असते का? एकटे असताना जमतं आणि जोडीदारासोबत जमत नाही, असं आहे का? त्रास एखाद्या प्रसंगानंतर अचानक सुरू झाला का? उत्तरं 'हो' असतील तर रक्तवाहिन्या बहुधा ठीक आहेत आणि अडचण मनाच्या, ताणाच्या किंवा नात्याच्या बाजूला आहे. अशा माणसाला यंत्राखाली झोपवणं म्हणजे पैसे वाया. उलट त्रास वर्ष-दोन वर्षांत हळूहळू वाढला असेल आणि पहाटेचीही ताठरता कमी झाली असेल, तर शरीर तपासायलाच हवं.

दुसरं काम कागदावर करायचं. पाच प्रश्नांची एक प्रश्नावली जगभर वापरतात. डॉक्टर तिला शिम किंवा आयआयईएफ-५ म्हणतात. गेल्या सहा महिन्यांत ताठरतेबद्दल खात्री किती वाटली, संभोगाला पुरेसा कडकपणा किती वेळा आला, प्रवेशानंतर तो किती वेळा टिकला, शेवटपर्यंत टिकवणं किती अवघड गेलं आणि समाधान किती वेळा मिळालं, हे ते पाच प्रश्न. एकूण गुण ५ ते २५. २२ किंवा जास्त म्हणजे त्रास नाही, १७ ते २१ सौम्य, १२ ते १६ सौम्य ते मध्यम, ८ ते ११ मध्यम, ७ किंवा कमी म्हणजे तीव्र. उत्तरं तारीख घालून लिहा आणि जपून ठेवा. कोर्सनंतर फरक पडला की नाही हे या कागदाशिवाय कळणार नाही. 'थोडं बरं वाटतंय' हे माप नव्हे.

रक्त, रक्तदाब, हृदय

ही पायरी लोक गाळतात आणि मला वाटतं सगळ्यात महाग तीच पडते.

लिंगाच्या धमनीचा व्यास साधारण १ ते २ मिलिमीटर, हृदयाच्या धमन्यांचा ३ ते ४. गाळ साचू लागला की बारीक नळी आधी तुंबते. म्हणून ताठरतेचा त्रास अनेकदा हृदयविकाराच्या दोन ते पाच वर्षं आधी दिसतो. चाळिशी-पन्नाशीतल्या माणसाला, विशेषतः तंबाखू किंवा गुटखा खाणाऱ्याला, हा त्रास सुरू झाला तर युरोलॉजिस्टइतकीच फिजिशियनची गरज आहे. जिना चढताना धाप लागत असेल, छातीत भरून येत असेल तर आधी हृदय. बाकी सगळं नंतर.

तपासण्या फार नाहीत: उपाशीपोटीची साखर आणि एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर), कोलेस्टेरॉलचं पूर्ण पॅनेल, रक्तदाब, किडनीची साधी तपासणी आणि सकाळी ११ च्या आत घेतलेलं टेस्टोस्टेरॉन. सकाळचं अशासाठी की दिवस चढतो तसं त्याचं प्रमाण उतरतं आणि दुपारी चारला दिलेल्या रक्तावरून माणूस उगाच 'कमी' ठरतो. एकदा कमी आलं तर दुसऱ्या सकाळी पुन्हा करायचं, मगच निष्कर्ष. इच्छाच मंदावली असेल तर डॉक्टर प्रोलॅक्टिन आणि थायरॉइडही सांगतील. या सगळ्यासाठी मोठं खाजगी रुग्णालय लागत नाही. एमवाय या सरकारी रुग्णालयाच्या मेडिसिन ओपीडीतूनही सुरुवात होऊ शकते. फक्त सकाळी लवकर जा आणि रांगेची तयारी ठेवा.

चालू औषधांची यादीही सोबत न्या. रक्तदाबाच्या काही गोळ्या (थायझाइड गटातल्या, अटेनोलॉलसारख्या), नैराश्यावरची काही औषधं आणि केस गळतीसाठी घेतलं जाणारं फिनास्टेराइड यांचा ताठरतेवर परिणाम होऊ शकतो. डॉक्टर गोळी बदलून देऊ शकतात. स्वतःच्या मनाने रक्तदाबाची गोळी बंद करू नका; मी असे प्रताप पाहिले आहेत.

गोळी खरंच फसली का?

शॉकवेव्हकडे वळणाऱ्यांपैकी बरेच जण 'ताठरतेची गोळी (सिल्डेनाफिल किंवा टाडालाफिल) लागत नाही' म्हणून येतात. विचारलं की कळतं, गोळी दोनदाच घेतली, तीही सराफ्याच्या रात्रीच्या खाऊबाजारात बाराला गराडू आणि जलेबा असं तळलेलं-गोड खाऊन आल्यावर. सिल्डेनाफिल भरल्या पोटी, त्यातही तुपातल्या दाल-बाफल्यांवर, उशिरा आणि कमी चढतं. ती रिकाम्या किंवा हलक्या पोटी, तासभर आधी घ्यायची. टाडालाफिलला जेवणाचा फारसा फरक पडत नाही आणि तिचा परिणाम ३६ तासांपर्यंत राहू शकतो; काहींना डॉक्टर रोजची ५ मिलिग्रॅमची गोळी देतात. दोन्ही गोळ्या आपोआप काही करत नाहीत. उत्तेजना हवीच, कारण नायट्रिक ऑक्साइड सुटल्याशिवाय गोळीला वाढवायला काही उरत नाही. योग्य डोस, योग्य वेळ आणि निदान सहा-आठ प्रयत्न झाल्याशिवाय गोळी निकामी ठरवू नये.

(१९९८ च्या मार्चमध्ये अमेरिकेत सिल्डेनाफिलला मंजुरी मिळाली आणि त्याच वर्षाचं वैद्यकातलं नोबेल नायट्रिक ऑक्साइडच्या शोधाला मिळालं. योगायोग, पण छान जुळलेला.)

आता मी काउंटरवर ओरडून सांगतो ती गोष्ट. हृदयासाठी नायट्रेट गटातलं औषध चालू असेल, म्हणजे जिभेखालची सॉर्बिट्रेट, नायट्रोग्लिसरीनची गोळी किंवा स्प्रे, तर या गोळ्या घ्यायच्याच नाहीत. रक्तदाब जीवघेणा खाली येऊ शकतो. आपल्याकडे कित्येक घरांत खिशात किंवा पाकिटात सॉर्बिट्रेटची पट्टी असते आणि छातीत दुखलं की कोणीतरी पटकन जिभेखाली ठेवतं. ताठरतेची गोळी घेतल्यानंतर छातीत दुखून दवाखान्यात पोचलात तर लाज बाजूला ठेवून डॉक्टरांना कोणती गोळी, किती वाजता घेतली ते सांगा. ही औषधं शेड्यूल एचमधली आहेत, चिठ्ठीवर घ्यायची. तोंडी नाव सांगून नाही.

'शुद्ध जडीबुटी' पुड्यांबद्दल एवढंच: अमेरिकेच्या औषध प्रशासनाला अशा कित्येक 'हर्बल' उत्पादनांत लपवलेलं सिल्डेनाफिल सापडलं आहे. म्हणजे पुडी चटकन लागू पडली तर आनंद मानण्याऐवजी शंका घ्यावी. रेल्वेलाइनच्या भिंतींवर रंगवलेल्या 'गुप्त रोग, गारंटी से इलाज' वाल्या जाहिराती १९५४ च्या ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज कायद्यानुसार मुळातच बेकायदेशीर आहेत. भिंती मात्र कायदा वाचत नाहीत.

शॉकवेव्ह कोणासाठी

इतकं झाल्यावर प्रश्न खऱ्या अर्थाने उभा राहतो. या उपचाराचा पहिला गाजलेला अभ्यास २०१० चा, इस्रायलमधल्या हैफाचा. त्यात पुरुष होते फक्त २०, रक्तवाहिन्यांमुळे त्रास असलेले आणि गोळीला प्रतिसाद देणारे. त्यांच्यात सुधारणा दिसली. त्यानंतर बऱ्याच चाचण्या झाल्या. काहींत अर्ध्या लोकांवर खरं यंत्र आणि अर्ध्यांवर नुसता आवाज करणारं, ऊर्जा न सोडणारं टोक वापरलं. निकाल एकसारखे आले नाहीत: काही ठिकाणी खऱ्या यंत्राला फायदा, काही ठिकाणी दोन्ही गट सारखेच. ताठरतेच्या बाबतीत नुसत्या विश्वासानेही माणूस सुधारतो, त्यामुळे 'माझ्या मित्राला फरक पडला' याला फारसं वजन देऊ नका. ज्यांना फायदा झाला त्यांच्यातही दोन वर्षांनी तो निम्म्याच्या आसपास लोकांतच टिकलेला दिसला.

म्हणून जाणत्या संस्थांचं म्हणणं सावध आहे. अमेरिकन युरोलॉजिकल असोसिएशनच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनी याला प्रायोगिक उपचार म्हटलं. युरोपियन युरोलॉजीच्या सूचना थोड्या सैल आहेत: रक्तवाहिन्यांमुळे आलेल्या सौम्य त्रासात, किंवा गोळी नको असलेल्या अथवा चालत नसलेल्या आणि सगळं समजून घेतलेल्या माणसात वापरता येईल, पण ही शिफारस 'कमकुवत' दर्जाची. दोन्ही वाचून माझं मत असं झालं आहे की ही फसवणूक नव्हे, पण 'कायमचा इलाज' म्हणून विकली तर ती फसवणूकच.

व्यवहारात त्याचा अर्थ असा. शिमचे गुण सौम्य किंवा सौम्य-मध्यम पट्ट्यात, गोळीला थोडाफार प्रतिसाद, साखर आटोक्यात, त्रास हळूहळू वाढलेला, अशा माणसाने विचार करावा. वर्षानुवर्षं बेफाम मधुमेह असलेला, प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियेत नसांना इजा झालेला, किंवा गुण ७ किंवा त्याहून कमी असलेला माणूस मोठी आशा ठेवून जाऊ नये. मनाच्या कारणासाठी तर नाहीच.

शंका असेल तर पेनाइल डॉपलर करून घ्या. यात एक छोटं इंजेक्शन देऊन ताठरता आणतात आणि सोनोग्राफीने रक्ताचा वेग मोजतात. आत येणाऱ्या रक्ताचा सर्वोच्च वेग सेकंदाला २५ सेंटिमीटरच्या खाली असेल तर धमनी कमी पडते आहे. आवक चांगली असूनही हृदयाच्या प्रत्येक ठोक्याच्या शेवटी उरणारा वेग ५ च्या वर राहत असेल तर शिरांमधून गळती होते आहे, आणि गळतीवर शॉकवेव्ह हा उपाय नव्हे. तपासणीनंतर घरी जाण्याची घाई करू नका, ताठरता उतरेपर्यंत थांबा. चार तासांच्या वर ताठरता राहिली तर ती आणीबाणी आहे, थेट इमर्जन्सीत जायचं. 'उद्या बघू' म्हटलं तर ऊती कायमच्या खराब होतात.

रक्त पातळ करणारी औषधं किंवा रक्तस्रावाचा आजार, त्या भागात जखम, संसर्ग किंवा गाठ, लिंगात बसवलेलं इम्प्लांट, यातलं काहीही असेल तर आधीच सांगा. पेसमेकर असेल तर कार्डिओलॉजिस्टना विचारल्याशिवाय होकार देऊ नका.

यंत्र ओळखा

फसगत नेमकी इथे होते, आणि बहुतेकांना या फरकाची कल्पनाच नसते.

शॉकवेव्ह नावाखाली दोन निराळी यंत्रं विकली जातात. एक 'फोकस्ड', म्हणजे केंद्रित. यात पाण्यातली ठिणगी, विद्युतचुंबक किंवा पिझो स्फटिक यांनी खरी धक्कालहर तयार होते आणि त्वचेखाली ठरावीक खोलीवर एकवटते. दुसरं 'रेडियल'. त्यात सहसा दाबलेल्या हवेने नळीतला एक छोटा गोळा पुढच्या टोकावर आपटतो आणि त्या आपटण्याचा दाब त्वचेवर पसरतो. खोल जाता जाता तो ओसरतो. टाचदुखी आणि आखडलेल्या खांद्यासाठी फिजिओथेरपीत हीच यंत्रं असतात आणि तिथे ती चांगली कामाची आहेत. पण भौतिकशास्त्राच्या दृष्टीने ती खरी शॉकवेव्ह नव्हे, दाबलहर आहे. ताठरतेवरचा जो काही पुरावा आहे तो मुख्यतः फोकस्ड यंत्रांचा. रेडियल स्वस्त असतं, म्हणून जास्त ठिकाणी भेटतं.

ओळखायचं कसं? यंत्राच्या पडद्यावर ताकद कशात दाखवली आहे ते पाहा. 'बार' मध्ये असेल तर रेडियल. 'मिलिज्यूल प्रति चौरस मिलिमीटर' मध्ये असेल तर बहुधा फोकस्ड. नुसते 'मिलिज्यूल' लिहिलं असेल तर पुन्हा विचारा. शेजारी कॉम्प्रेसर घुरघुरत असेल तर उत्तर मिळालंच. यंत्राचं मॉडेल लिहून घ्या आणि घरी येऊन उत्पादकाच्या माहितीपत्रकात ते कोणत्या प्रकारचं आहे ते बघा. 'मॉडेल सांगायची पद्धत नाही' असं उत्तर आलं तर पैसे भरायची पद्धतही नसावी. ऑनलाइन मिळणारी घरगुती यंत्रं या यादीत येतच नाहीत. त्यांना हात लावू नका.

डॉक्टर आणि पैसे

डॉक्टर युरोलॉजिस्ट असावा: एम.सीएच. किंवा डी.एन.बी. युरोलॉजी. 'सेक्सॉलॉजिस्ट' ही पाटी कोणीही लावतं, म्हणून पाटीखालची पदवी वाचा. चिठ्ठीवर नोंदणी क्रमांक असतो. तो मेडिकल काउन्सिलच्या नोंदवहीत ऑनलाइन तपासता येतो. पहिल्या भेटीत डॉक्टरांनी तुम्हाला तपासायला हवं, साखर आणि हृदयाबद्दल विचारायला हवं. रिसेप्शनवरच्या माणसाने आधी पॅकेज आणि मग खुर्ची दिली तर सरळ बाहेर पडा.

हे प्रश्न मोबाइलमध्ये लिहून न्या, कारण केबिनमध्ये गेल्यावर अर्धे विसरतात:

यंत्र फोकस्ड की रेडियल, मॉडेल कोणतं? एकूण सत्रं किती, दर सत्राला ठोके किती, ऊर्जा किती? सत्र स्वतः डॉक्टर देणार की तंत्रज्ञ? माझ्या कारणाच्या रुग्णांत फायदा किती जणांना होतो आणि तो मोजता कसा? मधेच थांबलो तर उरलेल्या सत्रांचे पैसे परत मिळतील का?

शेवटचा प्रश्न सगळ्यात उपयोगी. 'आज भरलं तर सूट' हे वाक्य ऐकलं की मी तरी वह्या आवरतो. सत्रागणिक पैसे घेणारा दवाखाना शोधा, न मिळाल्यास निदान दोन हप्ते करा, पहिल्या टप्प्याचे आधी. एकूण खर्च, तपासण्यांसकट, लेखी घ्या आणि प्रत्येक वेळी पावती. आरोग्य विम्याकडून आशा ठेवू नका. बहुतेक पॉलिसींत 'सिद्ध न झालेले उपचार' हा अपवाद छापलेला असतो आणि शिवाय हे ओपीडीतलं काम. प्लाझ्मा इंजेक्शन किंवा स्टेम सेल 'सोबत घेतलंत तर दुप्पट फायदा' अशी जोड दिली तर नाही म्हणा. त्यांचा पुरावा शॉकवेव्हपेक्षाही कच्चा आहे.

धार, खरगोन, उज्जैनहून येणाऱ्यांनी वेळापत्रक आधी जुळवावं. हैफाची मूळ पद्धत अशी: आठवड्याला दोन सत्रं तीन आठवडे, मग तीन आठवडे सुट्टी, पुन्हा तीन आठवडे तसंच. म्हणजे नऊ आठवड्यांत १२ सत्रं. काही डॉक्टर आठवड्याला एक अशी सहा सत्रं देतात. बाहेरगावच्या माणसाला तेच परवडतं, तर डॉक्टरांना स्पष्ट विचारा.

सत्रात काय होतं

भूल लागत नाही, उपाशी राहावं लागत नाही. सैल कपडे घाला. पाठीवर झोपवतात, जेल लावतात आणि यंत्राचं टोक ठरावीक जागी धरतात. मूळ पद्धतीत पाच जागा होत्या: लिंगाच्या लांबीवर तीन आणि खाली मुळाशी, डावी-उजवी, दोन. प्रत्येक जागी ३०० ठोके, एकूण १५००, मिनिटाला १२० च्या वेगाने. हिशोब केला तर जेमतेम साडेबारा मिनिटं. ऊर्जा ०.०९ मिलिज्यूल प्रति चौरस मिलिमीटर. टिकटिक आवाज, हलकं टोचल्यासारखं वाटणं, बस. मुळाशी मारलेल्या ठोक्यांना लोक कंटाळतात, पण ती जागा सोडली तर अर्धं लिंग राहून गेलं असं समजा, कारण लिंगाचा बराच भाग शरीराच्या आत असतो. दुखायला लागलं तर लगेच सांगा. सहन करण्यात काही पराक्रम नाही, ऊर्जा चुकीची लावलेली असू शकते.

पडदा आणि दार बंद असावं, खोलीत गरजेपुरतीच माणसं असावीत. हे मागणं हा तुमचा हक्क आहे. सत्र संपलं की स्कूटर काढून घरी, कामावर, कुठेही. त्वचा थोडी लाल होणं किंवा बारीक काळंनिळं पडणं चालतं. लघवीत रक्त, वाढती सूज किंवा न थांबणारं दुखणं चालत नाही; त्याच दिवशी डॉक्टरांना फोन.

कोर्स चालू असताना

गोळी चालू ठेवायची की थांबवायची ते डॉक्टरांसोबत आधीच ठरवा आणि मग मधे बदलू नका. नाहीतर फरक गोळीचा की यंत्राचा हे कधीच कळणार नाही.

चालणं मात्र सुरू कराच. अभ्यासांचा आढावा सांगतो की आठवड्यातून चार वेळा, प्रत्येकी ४० मिनिटं, घाम येईल इतका व्यायाम सहा महिने केला तर ताठरता सुधारते. यंत्राची जाहिरात होते, चालण्याची होत नाही, कारण त्यातून कोणाला कमिशन नाही. लालबागेत जा, पिपलियापाला तलावाच्या कडेने फिरा, रविवारी रालामंडळ चढा. रात्रीचा सराफा आठवड्यातून एकदा पुरे. तंबाखू आणि गुटखा सोडणं अवघड आहे हे मला माहीत आहे, दुकानात रोज पाहतो. पण अस्तर दुरुस्त करायला पैसे भरायचे आणि तेच अस्तर रोज तंबाखूने जाळायचं, याला काय म्हणावं? ओटीपोटाखालच्या स्नायूंचे व्यायामही फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्या. लघवी रोखताना जे स्नायू आवळले जातात तेच आवळून सोडायचे.

आणि बायकोला सांगा. एकत्र कुटुंबात, भिंतीपलीकडे आई-बाबा झोपलेले असताना हा विषय काढणं सोपं नाही. पण न सांगता तुम्ही जवळ जाणं टाळता आणि ती समजते की मन उडालं. दोन आठवडे संभोगाचं उद्दिष्टच बाजूला ठेवा, नुसती जवळीक ठेवा; दडपण उतरतं.

फरक मोजा, मग पुढचं ठरवा

शेवटच्या सत्रानंतर एक महिन्याने आणि तीन महिन्यांनी तीच पाच प्रश्नांची यादी पुन्हा भरा, जुना कागद समोर न ठेवता. नव्या रक्तवाहिन्यांना वेळ लागतो, त्यामुळे चौथ्या सत्रानंतर निराश होणं घाईचं आणि आनंदाने नाचणंही घाईचं. किती फरक खरा मानावा? याच प्रश्नावलीच्या मोठ्या आवृत्तीवर संशोधकांनी ठरवलेलं माप असं: सौम्य त्रास असेल तर दोन गुणांची वाढ जाणवते, मध्यम असेल तर पाच, तीव्र असेल तर सात. पूर्वी गोळी लागायची आणि आता कमी डोस पुरतो, हाही फायदा आहे. तो लिहून ठेवा.

तीन महिन्यांनी आकडा तिथेच असेल तर 'अजून सहा सत्रं घेऊन बघा' या सल्ल्याला माझं उत्तर नाही असंच आहे. पैसे परत देण्याचं लेखी असूनही टाळाटाळ झाली तर पावत्या घेऊन जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं. डॉक्टरच्या वागणुकीची तक्रार मध्यप्रदेश मेडिकल काउन्सिलकडे.

उपचार मात्र संपलेले नसतात. व्हॅक्यूम पंप आहे: नळीतली हवा काढून रक्त ओढायचं आणि मुळाशी रबरी कडं बसवायचं, जे ३० मिनिटांत काढावंच लागतं. लिंगात स्वतः घ्यायचं इंजेक्शन आहे. बारीक सुई, डॉक्टरांसमोर शिकायचं, आणि चार तासांचा नियम इथेही तसाच लागू. गोळी आणि इंजेक्शन दोन्ही हरले तर शस्त्रक्रियेने इम्प्लांट बसवतात. एक वाकवता येणारं आणि एक पंपाने फुगणारं, असे दोन प्रकार. दुसरं बरंच महाग. इम्प्लांट बसवताना आतल्या ऊती कायमच्या बदलतात, त्यानंतर गोळीकडे किंवा शॉकवेव्हकडे परतता येत नाही, म्हणून ते शेवटी. मधुमेह असेल तर शस्त्रक्रियेआधी साखर आटोक्यात आणावी लागते, संसर्गाचा धोका तिथेच वाढतो. त्या भेटीला शिमचे कागद, डॉपलरचा अहवाल आणि शॉकवेव्हच्या पावत्या, मॉडेलच्या नावासकट, एकाच फाइलमध्ये घेऊन जा.